सरळ रेषेतलं नागपूर
मुंबई ते नागपूर हवाई अंतर सातशे किलोमीटरला थोडं कमीच. रेल्वेने तेच ८३७, कारण तिला कसारा, मनमाड, भुसावळ सगळ्यांना भेटत जावं लागतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो मोजायचा भिवंडीजवळच्या आमण्यापासून. विमान ताशी आठशेच्या आसपास वेगाने जातं, म्हणजे शाळेतल्या गणिताप्रमाणे पन्नासेक मिनिटांत नागपूरचा सोनेगाव विमानतळ यायला हवा. तिकिटावर मात्र दीड तास! ही लबाडी नव्हे. विमान जागेवरून हललं की ते घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. मधली चढण, उतरण, रांग सगळं त्यातच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी काम मुख्यतः एकीवरच. गेल्या खेपेला रांगेत अर्धा तास गेला. तेवढ्यात आकाशात जालना मागे पडलं असतं, असं मी चिडून पुटपुटलो. शेजारचे नागपूरकर काका शांत. म्हणाले, ‘विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर झोपता, तेव्हा पाहता का जी घड्याळ?’