क्रेन म्हणजे सारस

‘पाच अक्षरी इंग्रजी शब्द, तिसरं अक्षर ए, शेवटचं ई.’ गुगलमध्ये एवढं टाकलं की शब्दांची लांबलचक यादी समोर येते. त्यातला एक उचलायचा, वर्डलच्या चौकटीत भरायचा, हिरवे चौकोन उमटले की स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवायचा. मुंबईत हेच चालतं, भंडाऱ्यात हेच चालतं. खेळात चीटिंग वाईट असते, असा नीतिपाठ मला द्यायचा नाही. खेळ तुमचा, मोबाइल तुमचा, डेटाही तुमचाच. माझं भांडण वेगळं आहे. अक्षरं टाकली की शब्द काढून देणारी ही यंत्रं ‘व्होकॅब्युलरी वाढवा’ म्हणून आपल्या गळ्यात मारली जातात, आणि ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जात नाही त्यांचंच ती सगळ्यात जास्त नुकसान करतात.

कसं, ते पाहा. स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने 1930च्या दशकात, महामंदीत काम सुटलेलं असताना तयार केला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्रांची पानं घेऊन मोजलं. म्हणूनच इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांमध्ये ई 12 वेळा येतो, तर क्यू आणि झेड एकेकदाच, प्रत्येकी 10 गुणांचे. एस फक्त चार, नाहीतर जो तो शब्दाला एस चिकटवून गुण लाटेल. म्हणजे या खेळाच्या पोटातच इंग्रजीची घडण भरून ठेवलेली आहे. यंत्राविना खेळणाऱ्याला ती हळूहळू कळते. क्यूच्या मागे बहुतेक वेळा यू येतो. व्हीवर शब्द सहसा संपत नाही, म्हणून ‘लव्ह’च्या शेवटी न बोलला जाणारा ई बसवावा लागतो.

मराठी माणसाला हे शिकणं जास्त गरजेचं आहे. आपण बहुतेक बोलतो तसंच लिहितो. ‘भंडारा’ आपल्यासाठी तीन अक्षरं. इंग्रजीत त्याचीच आठ होतात. ‘टफ’च्या शेवटी जी आणि एच का, हे कान सांगू शकत नाही. ते डोळ्यांना सवयीनेच कळतं. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण बहुतेकांच्या वाट्याला काय आलं? स्पेलिंगची घोकंपट्टी. अशा माणसाला अंदाज बांधायची, चुकायची आणि का चुकलो हे लगेच कळायची जागा वर्डलसारख्या खेळात मिळते. राखाडी चौकोन हा शिक्षक आहे, तोही छडी न मारणारा. यंत्र नेमकं त्यालाच वर्गाबाहेर काढतं.

वर्डलची शब्दयादी कशी तयार झाली, हेही लक्षात घ्या. जॉश वॉर्डलने तो 2021मध्ये लोकांसमोर आणला, आणि जानेवारी 2022मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000. त्यातला प्रत्येक शब्द आपल्याला माहीत आहे की नाही, हे वॉर्डलची जोडीदार पलक शाह हिने एकेक करून पाहिलं आणि उत्तरांसाठी सुमारे 2,500 शब्द उरले. या खेळाचं यश त्या चाळणीत आहे. उत्तर सापडलं की माणूस म्हणतो, ‘अरे, हा तर मला माहीत होता!’ शब्द शोधणारं यंत्र ही चाळणी उलटी करतं. माहीत असलेले, नसलेले, कोशात मरून पडलेले सगळे शब्द एका ढिगात ओततं आणि म्हणतं, घे, उचल.

कुणी म्हणेल, शब्द पाठ करूनही जिंकता येतंच की. येतं. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. 2024मध्ये त्याने स्पॅनिशचंही विजेतेपद घेतलं. त्याच्या स्मरणशक्तीला सलाम. पण त्याला फक्त स्पर्धा जिंकायची होती. तुमसरच्या किंवा साकोलीच्या पोराला नागपूरला, पुण्याला मुलाखतीत समोरच्याशी चार वाक्यं बोलायची असतात. अर्थाशिवायची यादी घेऊन तो त्या खुर्चीत बसला, तर तिथे हिरवे चौकोन उमटत नाहीत.

यावर खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला मान्य आहे: शहरातल्या मुलाला इंग्रजी शब्द घरीच ऐकायला मिळतात, मग खेड्यातल्याने थोडी मदत घेतली तर काय बिघडलं? मदत घ्यायलाच हवी. पण यंत्र देतं ते उत्तर, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही. शहरातला मुलगा यादीमुळे पुढे नसतो. त्याने तो शब्द कुणाच्या तरी तोंडून, कशाबद्दल तरी ऐकलेला असतो. शब्द आणि वस्तू त्याच्याकडे जोडीने येतात. आपल्याला हवी आहे ती ही जोडी.

आणि ती भंडाऱ्यात नाही असं कोण म्हणतं? वर सांगितलेल्या अटीत बसणारा एक शब्द आहे ‘क्रेन’. त्यात नेहमी लागणारी अक्षरं असल्यामुळे तो पहिला शब्द म्हणून जगभर गाजला. न्यूयॉर्क टाइम्सचा वर्डलबॉटसुद्धा 2022मध्ये सुरुवातीला तोच सुचवत होता. आपल्याकडेही अनेक जण रोज सकाळी तो टाइप करतात. डोळ्यांसमोर काय येतं? बांधकामावरचं यंत्र. खरं तर क्रेन म्हणजे सारसाच्या कुळातले पक्षी. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडाफार भंडाऱ्यात उरला आहे, धानाच्या बांध्या आणि तलावांच्या आधाराने. जगाचा लाडका पाच अक्षरी शब्द आपल्या बांधीत दोन पायांवर उभा आहे, आणि आपण तो यादीतून उचलतो.

पुढे मोजा. धान म्हणजे पॅडी, पाच अक्षरं, मधे दोन डी. शहर ज्यासाठी ओळखलं जातं ते पितळ म्हणजे ब्रास, पाच अक्षरं, शेवटी दोन एस. वैनगंगा म्हणजे रिव्हर, पाच. कोका अभयारण्यातला टायगर, पाच. खुद्द ‘सारस’ही इंग्रजी कोशात गेला आहे, तिथेही पाचच अक्षरांचा. आणि मुंगसाचा इंग्रजी ‘मंगूस’ तर मराठीतूनच तिकडे गेलेला.

तेव्हा शिक्षकांनो, ‘क्यूपासून सुरू होणारे वीस शब्द लिहून आणा’ असा गृहपाठ देऊ नका. तो गृहपाठ गुगल करतं. फळ्यावर पाच रिकामे चौकोन काढा, रोवणीच्या दिवसांत ‘पॅडी’ मनात धरा आणि पोरांना चुकू द्या. आणि मोबाइलवर खेळणाऱ्यांनो, सहाही डाव हरलात तरी चालेल. यादी त्यानंतर उघडा, अनोळखी शब्द एकच घ्या, त्याचा अर्थ पाहा आणि त्याचं एक वाक्य कुणाला तरी मोठ्याने बोलून दाखवा. उद्या पुन्हा ‘क्रेन’ टाइप कराल तेव्हा एवढं तरी आठवा की तो उडतो.