वारा सापडला, पण पावती कुठे आहे?



‘अमुक धर्मग्रंथातला चमत्कार खराच घडला होता, आता विज्ञानानेही ते सिद्ध केले’ असे मजकूर हल्ली घरोघरी मोबाईलवर येऊन पडतात. कॉलेजात शिकणारा मुलगासुद्धा ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द वाचला की थबकतो. आईवडिलांना वाटते, एवढी शिकलेली माणसे म्हणतात तर असेल काहीतरी. बुवा-बाबाच्या चमत्काराला ‘नाही’ म्हणायला आपण शिकलो. पण चमत्कारच विज्ञानाचा कोट घालून दारात उभा राहिला तर त्याला काय विचारायचे? आज एक जगभर गाजलेले उदाहरण घेऊन याचा विचार करू या.

बायबलच्या जुन्या करारात ‘निर्गम’ नावाचे पुस्तक आहे. इजिप्तमध्ये गुलामीत पिचणाऱ्या इस्राएल लोकांना मोझेस बाहेर काढतो. पुढे समुद्र, मागे फारो राजाचे रथ. मोझेस समुद्रावर हात उगारतो, रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा सुटतो, पाणी दुभंगते आणि लोक कोरड्या जमिनीवरून पार होतात. मग पाणी परत येते आणि राजाचे सैन्य बुडते.

या कथेवर शास्त्रज्ञांनी खरोखर काम केले आहे. २०१० साली कार्ल ड्रूज आणि वेइकिंग हान या अमेरिकेतील दोन संशोधकांनी संगणकावर गणित मांडले. नाईल नदीच्या मुखाजवळ, प्राचीन काळी जिथे उथळ सरोवर होते अशी जागा त्यांनी धरली. पाणी सुमारे दोन मीटर खोल. त्यावर ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने पूर्वेचा वारा सलग बारा तास वाहिला, तर पाणी मागे रेटले जाते, तीन-चार किलोमीटर लांबीची वाट उघडी पडते आणि चार तास तशीच राहते, असे त्यांना आढळले. हे काही हवेतले बोलणे नाही. १८८२ मध्ये टुलॉक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच भागातील मंझाला सरोवराचे पाणी वाऱ्याने असेच हटलेले पाहिले होते. आदल्या दिवशी जिथे होड्या तरंगत होत्या तिथे माणसे चिखलातून चालत होती, असे त्याने नोंदवले आहे.

म्हणजे वारा पाणी हटवू शकतो, हे मान्य. पण म्हणून मोझेसची कथा घडली, हे सिद्ध झाले का?

मी कॉमर्सचा माणूस. हिशेबाच्या वहीत कुणी लिहिले, ‘पाहुण्यांच्या चहापाण्यास दोनशे रुपये’, तर तसा खर्च होणे अगदी शक्य असते. तरीही ऑडिटर विचारतो, व्हाउचर कुठे आहे? ‘असे होऊ शकते’ आणि ‘असे झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी पास करून टाकणारा कारकून नोकरीत फार दिवस टिकत नाही.

इथे वारा सापडला, पण पावती सापडलेली नाही. कथा सांगते की सहा लाख पुरुष बाहेर पडले, बायका-मुले वेगळी, आणि हा सारा समाज पुढे चाळीस वर्षे वाळवंटात राहिला. एवढी माणसे राहिली तर चुली, मडकी, कबरी काहीतरी मागे राहील. १९६७ नंतर इस्रायली पुरातत्त्वज्ञांनी सिनाईचे वाळवंट कसून तपासले. त्या काळच्या एवढ्या मोठ्या जमावाची कोणतीही खूण तिथे मिळाली नाही.

दुसरी गोष्ट. अशा स्पष्टीकरणात कथेचा सोयीचा भाग घेतला जातो आणि गैरसोयीचा गुपचूप वगळला जातो. ग्रंथ म्हणतो, पाणी दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे राहिले. वाऱ्याच्या गणितात पाण्याच्या उभ्या भिंती मिळत नाहीत. शिवाय लेकुरवाळ्या बायांनी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याला तोंड देत चिखलातून रात्री तीन-चार किलोमीटर कसे चालायचे?

त्याच पुस्तकातील ‘मान्ना’ची कथा पाहा. वाळवंटात भुकेल्या लोकांसाठी आकाशातून रोज अन्न पडत असे. फ्रिट्झ बोडेनहायमर या कीटकशास्त्रज्ञाने सिनाईत जाऊन पाहिले आणि १९४७ मध्ये लिहिले की तिथल्या झाऊच्या झाडांवर बारीक किडे असतात, ते झाडाचा रस शोषून गोड थेंब बाहेर टाकतात, ते वाळून खाली पडतात. संशोधन उत्तमच आहे. पण ग्रंथात मान्ना वर्षानुवर्षे पुरते. सहाव्या दिवशी दुप्पट मिळते आणि सातव्या दिवशी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, अजिबात मिळत नाही. साप्ताहिक सुट्टी घेणारा किडा अजून कुणाला आढळलेला नाही!

आणि तिसरी गोष्ट सर्वांत साधी. वाऱ्याने पाणी हटले असेल तर तो निसर्गनियम झाला, त्याला चमत्कार कशाला म्हणायचे? भाविक मात्र दोन्ही हातांनी घेऊ पाहतो. विज्ञानाचा शिक्काही हवा आणि देवाचा हातही हवा.

२१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. ते खरे स्पष्टीकरण होते, कारण घटना सर्वांसमोर होती आणि कुणालाही तपासता येत होती. हजारो वर्षांपूर्वीची ऐकीव कथा अशी तपासता येत नाही. तिथे आधी विचारायचे असते, घडले होते कशावरून?

आता हाच गज आपल्या घरातही लावला पाहिजे, नाहीतर आपण दुसऱ्याच्या ग्रंथाला एक न्याय आणि स्वतःच्या ग्रंथाला दुसरा न्याय देऊ. बाळ सिद्धार्थ जन्मताच सात पावले चालला, असे पाली साहित्यातही येते. उद्या कुणी त्याचे ‘वैज्ञानिक कारण’ घेऊन विहारात आला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. बाबासाहेबांनी वाट दाखवून ठेवली आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते विचारतात, एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटते का? त्यांनी त्या कथेला विज्ञानाचे ठिगळ लावले नाही. ती बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला.

दीघनिकायातील केवट्ट सुत्तात नालंदेचा केवट्ट नावाचा तरुण गृहस्थ भगवंतांना विनवतो, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. भगवंत नकार देतात. ते म्हणतात की शंका घेणारा माणूस ‘ही गांधारी विद्या आहे’ असे म्हणून मोकळा होईल. उपदेशाने माणूस बदलणे, हाच त्यांच्या लेखी श्रेष्ठ चमत्कार. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने जपलेले हे उत्तर आजही पुरते.

मग मोझेसची कथा टाकाऊ आहे का? तसे नाही. १९४१ मध्ये बाबासाहेबांनी ‘बॉम्बे सेंटिनल’मध्ये मोझेसवर लेख लिहिला आणि आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर नेण्याच्या त्याच्या धडपडीतून प्रेरणा घेतली. ती प्रेरणा घ्यायला समुद्र दुभंगावा लागत नाही. गुलामाला ‘चल, बाहेर पड’ असे सांगणारा माणूस आणि ते ऐकून उठणारी माणसे एवढे पुरते. वाऱ्याचा वेग मोजण्यात हा अर्थच हातातून निसटतो.

तेव्हा माता-भगिनींनो, पुढच्या वेळी असा मजकूर घरात आला तर मुलांना तो वाचू नका म्हणून रागावू नका. त्यांना जवळ बसवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा: हे होऊ शकते, की झाले? पुरावा कुठे आहे? कथेतले काय गाळले आहे? चौथीतल्या मुलालाही हे विचारता येते. एकदा विचारायची सवय लागली, की विज्ञानाच्या नावावर त्याला कुणी फसवू शकणार नाही, आणि धर्माच्या नावावरही नाही.

जयभीम.