‘पैसे नकोत, वस्तूच देऊ’

पूर आला की आठवड्याच्या आत सोसायटीत, ऑफिसात, गणेश मंडळात एक ठराव बिनविरोध मंजूर होतो : पैसे द्यायचे नाहीत, पैसे खातात; वस्तू गोळा करायच्या, ट्रक भरायचा आणि स्वतःच्या हाताने वाटून यायचे. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला हे झाले, 2021च्या जुलैत चिपळूण-महाडला झाले. हेतू चांगला, यात वाद नाही. वाद आहे तो याला चोख व्यवहार म्हणण्याशी.

पूर्वपक्षाला आधी न्याय देऊ. अविश्वासाला कारण आहे. मार्च 2020मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर होतो न होतो तोच भामट्यांनी खोटा यूपीआय आयडी फिरवला. खऱ्या आयडीतल्या ‘केअर्स’चा शेवटचा ‘एस’ तेवढा त्यात गाळलेला होता. पावतीपुस्तक छापून दारोदार फिरणारेही काही कमी नाहीत. पण यातून सिद्ध काय होते? पैसे कुणाला देतो ते तपासावे, एवढेच. त्यातून ‘म्हणून चादरी पाठवा’ हे कसे निघते?

चादरींचे काय होते तेही पाहू. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. आपल्याकडे वेगळे घडत नाही. गोणी सोडावी तर वर हूक तुटलेले ब्लाउज, मध्ये कुणाच्या तरी शाळेचा गणवेश, तळाशी सत्कारात मिळालेली शाल, आणि ओल धरल्याने सगळ्याला एकच कुबट वास. हे निवडायला माणसे लागतात, आणि ती नेमकी चिखल उपसायच्या कामावरून काढावी लागतात. 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी 45. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंदच होता. अशा वेळी लांबून निघालेला ट्रक रांगेत अडकतो, आणि सुटला की डांबरी सडकेवरच्या पहिल्या गावात रिकामा होतो. त्या गावाला बिस्किटांचे पाच-पाच पुडे, आतल्या वस्तीला एकही नाही. (बॅनर मात्र फोटोत नीट आलेला असतो.)

शेजारच्या गावांनी पहिल्याच दिवशी पोचवलेली भाकरी-चटणी, जनावरांची वैरण यांच्याबद्दल मी बोलत नाही. ते लोक जवळचे असतात, काय हवे ते विचारून आणतात. वाद आहे तो न विचारता दोनशे किलोमीटरवरून पाठवलेल्या मालाशी. चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली, दुकानदारांचा माल गेला. चिखल धुऊन ज्याने पुन्हा तांदूळ-तेल मांडले, त्याच्या दारासमोर आपण फुकट तांदूळ वाटायचा, ही कसली मदत? तेच पैसे पूरग्रस्ताच्या खात्यात गेले असते तर त्याने औषध, गवंडी, पोराची पुस्तके यांतले त्याला हवे ते घेतले असते, आणि गल्ला त्याच गावातला भरला असता.

आता दुसरा आक्षेप : ‘माझा रुपयान् रुपया पूरग्रस्तालाच मिळाला पाहिजे, संस्थेच्या पगारावर नको.’ ऐकायला गोड. पण बोटीला डिझेल लागते, गोदामाला भाडे लागते, कुणाचे घर पूर्ण पडले आणि कुणाची नुसती भिंत खचली याची यादी दारोदार फिरून कुणाला तरी करावी लागते. आपल्याला हिशेब हवा, हिशेबनीसाचा पगार नको! मी तर उलट म्हणेन, खर्चच नाही असे छातीठोक सांगणाऱ्या संस्थेला दोन प्रश्न जास्त विचारा. आणि प्रामाणिकपणाची कसोटीच हवी असेल, तर त्याच त्सुनामीत ‘मेदसॅं सॉं फ्रॉंतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेने काय केले ते आठवा. जानेवारी 2005च्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केले की या कामापुरते पैसे जमले, आता त्सुनामीसाठी देऊ नका.

तपासणी अवघड नाही. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारावा, लेखापरीक्षित हिशेब मागावा. खाते संस्थेच्याच नावावर हवे, ‘दादांच्या’ नाही. यूपीआयवर पैसे सोडण्याआधी पडद्यावर नाव दिसते, ते वाचावे. आयडी फिरत्या मेसेजमधून नव्हे, संस्थेच्या किंवा मुख्यमंत्री सहायता निधीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. फसलात तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. दोन हजारांहून जास्त रोख दिली तर देणगीची करवजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही; तेव्हा निव्वळ त्या आमिषाने देणाऱ्यांनी आधीच पाहून घ्यावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींचे पैसे कायद्याने परदेशी देणगी ठरतात. ते फक्त एफसीआरए परवानगी असलेल्या संस्थेलाच द्यावेत. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ही अडचण नाही.

आणि सगळे पैसे त्याच आठवड्यात देऊ नयेत. पाण्यात उभ्या माणसांचे फोटो छापून येतात तोवर देणाऱ्यांची रीघ असते. खरडून गेलेल्या जमिनीत पुन्हा माती टाकायची वेळ येते तेव्हा कुणी फिरकत नाही. निम्मे लगेच द्यावेत, निम्मे दिवाळीनंतर. तोवर कोणत्या संस्थेचे कार्यकर्ते अजून गावात आहेत आणि कुणाचे फक्त फलक उरले आहेत, हे गावकऱ्यांना एक फोन केला तरी कळते.