पाटे जुने चालतील, ब्रेक नाही

यवतमाळ, पुसद, वणी या भागांत अजूनही काही घरांच्या पडवीत विलीज जीप, फियाट किंवा अँबेसेडर उभी दिसते. गाडी चालू ठेवायची हौस आहे, पण सुटे भाग मिळत नाहीत. मग कोणी अँबेसेडरसाठी इंग्लंडातल्या भंगारवाल्याकडून मॉरिसचा मास्टर सिलेंडर मागवायचं ठरवतो, तर कोणी अमेरिकेतून जीपचे पाटे. माझं म्हणणं असं की सस्पेन्शनचं जुनं लोखंड आणि जुना ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी नियमांनीही त्या वेगळ्या धरायला हव्यात.

१. आधी कायदा. परकीय व्यापार धोरण २०२३ प्रमाणे भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेला माल आयात करायला परवाना लागतो. पाटा असो की ब्रेक शू, नियम एकच. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून मागवणाऱ्यांना एवढंच सांगतो की भाऊबीजेला कोणी कमानपाटे ओवाळणीत घालत नाही, हे कस्टमवाल्यांनाही कळतं.

२. आता लोखंडाकडे पाहू. पाटा बसला तर तो भट्टीत तापवून पुन्हा कमान देता येते, पाणी चढवता येतं. बुश आणि किंगपिन लेथवर करून मिळतात. कंट्रोल आर्मला तडा आहे का, ते लाल द्रव लावून, पुसून, वर पांढरी पावडर मारून पाहता येतं. तडा असेल तर लाल रेघ उमटते. म्हणजे हे भाग जुने असले तरी तपासता येतात. त्यामुळे तपासणीचा दाखला सोबत असेल, तर त्यांच्या आयातीचा परवाना सोपा करायला हरकत नाही.

ब्रेकचं तसं नाही. होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून तेलाची वाट अडवतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या व्हील सिलेंडरला आतून खड्डे पडतात. ड्रम घासून पातळ झालेला असतो. सगळ्यात वाईट म्हणजे जुनं लायनिंग. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ज्यावर ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली. तिथे काढून टाकलेले शू इथे आले की आपला मिस्त्री हवेच्या पाइपाने धूळ उडवून ते साफ करणार. त्याच्या तोंडावर रुमालसुद्धा नसतो, आणि रुमालाने अ‍ॅस्बेस्टॉस अडतही नाही. वापरलेले शू, होज, सिलेंडर आणि रबर यांच्या आयातीवर सरळ बंदीच हवी. अपवाद फक्त मास्टर सिलेंडरच्या धडाचा, तोही नवी स्लीव्ह आणि नवं किट घालून.

३. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात बदल नको, असं नियम म्हणतो. ब्रेकचं नाव त्यात नाही. जुन्या विलीजला चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असते. एका ठिकाणी गळती झाली की पेडल थेट तळाला. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दोन वाटा सक्तीच्या केल्या. आपल्याकडे मालकाने असा दुहेरी मास्टर सिलेंडर बसवला, तर ‘मूळ रूप’ बिघडलं असं उद्या कोणी म्हणेल काय? या भीतीपोटी माणूस धोकादायक पण ‘अस्सल’ ब्रेक जपत बसतो. परिवहन विभागाने एका परिपत्रकात हा प्रश्न मिटवावा.

४. १९८५ ची फियाट पद्मिनी व्हिंटेज नाही आणि नवीही नाही. १ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये करण्यात आलं. एवढे पैसे घेता, तर प्रत्येक चाकाचा ब्रेक रोलरवर वेगळा मोजून आकडे मालकाच्या हातात द्या.

५. परदेशात शोधण्याआधी देशातलं भंगार पाहावं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये बंद पडलं. अशा गाड्या तोडताना चांगले स्टिअरिंग नकल, आर्म, पाटे वितळवण्याऐवजी नोंदणीकृत भंगार केंद्रांनी चासी नंबर लिहिलेल्या पावतीवर विकावेत. पावतीचा आग्रह एवढ्यासाठी की मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये चोरीच्या गाड्यांच्या मालापायीच बंद झाला.

६. तड्याची चाचणी यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनाने माफक फी घेऊन करून द्यावी. मुलांचं प्रात्यक्षिक होईल, मालकाला कागद मिळेल.

७. कोणी म्हणेल, हौशी लोकांचे एवढे लाड कशाला? यवतमाळच्या शकुंतला रेल्वेगाडीचं उदाहरण देणारेही भेटतात: १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं तिचं इंजिन १९९४ पर्यंत धावलंच ना! धावलं, पण त्याच्यामागे रेल्वे होती. पडवीतल्या जीपमागे एक मिस्त्री असतो, आणि तीच जीप लग्नात सजवून वरातीच्या गर्दीत घातली जाते. म्हणून ब्रेक भरवशाचाच हवा, आणि तो महागही नाही: शूवर अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं नवं लायनिंग रिव्हेटने ठोकून घेणं परदेशी पार्सलच्या टपालखर्चापेक्षा स्वस्त पडतं.