स्वस्त टायर

पावसाळ्यांत चिखलवाटेनें कोंकणांतल्या शेतावर जाणाऱ्या, चारही चाकांस जोर असलेल्या जीपगाडीस चिखलाचे टायर लागतात. ते स्वस्तांतले घेण्यास आमची हरकत नाहीं. मात्र दुकानांत दोन गोष्टी पाहाव्या. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात; २३२४ म्हणजे सन २०२४ चा तेविसावा आठवडा. जुन्या मालाचें रबर कठीण होऊन ओल्या सडकेवर घसरतें. दुसरें, चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले असावे. एरवीं चारही चाकें जोडतांच यंत्रावर ताण पडतो. ज्यांचा बहुतेक प्रवास डांबरी सडकेवरचा, त्यांनीं हे टायर घेऊंच नयेत. त्यांच्या रुंद खांचा चिखल फेंकतात खऱ्या, पण ओल्या डांबरावर गाडी उशिरां थांबते. चार रुपये वांचविण्यापायीं घाटाच्या उतारावर घरच्या मंडळींचा जीव टांगणीस लावणें, ही काटकसर नव्हे.