तक्त्यात हरवलेले मूल

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील शाळांतही पायाभूत चाचण्या पोहोचल्या. मूल कोठे अडले ते शोधावे व तेथून पुढे शिकवावे, हा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु गुण संगणकावर भरले की कार्य संपले, अशी समजूत शासनयंत्रणेत फार लवकर रुजते. आकडे मुंबईला जातात. भातसा-तानसाच्या पाण्याप्रमाणे तेही पाड्यावर परतत नाहीत.

दहापैकी चार गुण मिळवणाऱ्या दोघांपैकी एकाला हातच्याची वजाबाकी जमत नसते, दुसऱ्याला प्रश्नच वाचता येत नसतो. तक्त्यात दोघे सारखेच! उत्तरपत्रिका समोर ठेवून चार शिक्षक बोलू लागले म्हणजे हा भेद उमगतो. द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींना असे सहकारी भेटतात ते केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत. तेथे परिपत्रकांचे वाचन थोडे घटले, तर कोणाचे काही बिघडणार नाही.

खरी कसोटी वनवासी, विशेषतः कातकरी मुलांची आहे. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परतते. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. त्यासोबत ‘दोन अंकी बेरीज येते, जोडाक्षरे अडतात’ एवढी ओळ गुरुजींनी लिहून दिली आणि भट्टीजवळच्या शाळेत एक दूरध्वनी केला, तर ते मूल तेथे पुन्हा मुळाक्षरांपाशी बसवले जाणार नाही.