सुकाणूचा सैलपणा

बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील, भातशेतीच्या मुलखातील तहसिलीचे गाव. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतातून १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ पलीकडे गेला. राज्याची सीमा आखली गेली, पण सोयरिकी काही तुटल्या नाहीत. लग्न, बारसे, तेरावे, कशासाठी ना कशासाठी या भागातील घरांच्या गाड्या तुमसर, गोंदिया आणि नागपूरच्या वाटेला लागतातच. अशा घरांसाठी या महिन्याचा विषय निवडला आहे : गाडीच्या सुकाणूचा, म्हणजे स्टिअरिंगचा, सैलपणा.

बैलगाडी वळविण्याचे काम बैल करतात; गाडीवानाला फक्त कासरा ओढावयाचा असतो. चारचाकीत मात्र पुढची दोन्ही चाके वेगवेगळ्या कोनांत वळावी लागतात, कारण वळणावर आतल्या चाकाला लहान वर्तुळ काटावयाचे असते. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडीकाराची ही कल्पना. लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले, तेही घोडागाडीसाठी. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची आजची रचना याच तत्त्वाची वंशज आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यात निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत स्टिअरिंग बॉक्स आणि अनेक सांध्यांच्या दांड्या असत. मारुती ८०० व तिच्या पुढच्या पिढ्यांत दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, आणि तिच्या दोन्ही टोकांना टाय रॉड अशी सुटसुटीत व्यवस्था आली. सांध्याचे मर्म मात्र तेच राहिले. पोलादी गोळा वाटीत बसतो, त्यात ग्रीस असते आणि वरून रबरी टोपी असते. टोपी फाटली की चिखल आणि धूळ आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि गोळा झिजू लागतो. झीज अतोनात वाढली, तर गोळा वाटीतून निसटतो आणि चाक चालकाच्या आज्ञेबाहेर जाते. म्हणून हा सैलपणा केवळ गैरसोयीचा नसून प्राणाशी गाठ घालणारा आहे. शिवाय धोकादायक स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये गुन्हा ठरतो.

खूण कशी ओळखावी? चक्र थोडे फिरवूनही चाके हलत नाहीत, खड्ड्यावर पुढून ठकठक ऐकू येते, टायरची एकच कड झिजते. खात्रीसाठी सपाट, टणक जागेवर हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम लोखंडी घोडीवर ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हे अक्षम्य धाडस होय. मग चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवावे आणि घरच्या दुसऱ्या माणसाने टाय रॉडच्या सांध्याकडे पाहावे. सांधा डुगडुगत असेल तर टाय रॉड एंड गेला. वर-खाली धरून हलविल्यावर खेळ आढळला, तर दोष चाकाच्या बेअरिंगात किंवा खालच्या बॉल जॉइंटमध्ये असू शकतो. तेथे घरगुती कामाची मर्यादा संपते.

टाय रॉड एंड बदलणे मात्र हात बसलेल्या माणसाला घरी शक्य आहे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. चाक काढल्यावर दांडीच्या आट्यांवर लॉक नट जेथे आहे, तेथे रंगाची खूण करावी. मग तो नट किंचित सैल करावा. कॉटर पिन काढून सांध्याचा नट सैल करावा, पण तो पूर्ण काढू नये. सांधा झटक्याने सुटल्यास तोच आवरतो. शंकूसारखी बसलेली टोकाची कांडी निघत नसेल, तर पुलर वापरावा. नसल्यास कानाच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूने जोराने ठोका द्यावा. कांडीच्या आट्यांवर मात्र कधीही ठोकू नये.

जुना भाग किती फेऱ्यांनी निघाला हे मोजून लिहून ठेवावे. नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवावा. एवढ्याने चाकांची दिशा जवळजवळ पूर्ववत येते. नट गाडीच्या पुस्तिकेतील मापाइतका आवळावा. पिनेचे भोक जुळत नसेल तर किंचित पुढे आवळावा, मागे सैल करू नये. पिन नेहमी नवी घालावी. काही गाड्यांत पिनेऐवजी एकदाच वापरावयाचा नट असतो; तोही नवाच हवा. शेवटी लॉक नट आवळून दोन्ही बाजूंना चक्र पूर्ण फिरवून पाहावे, काही घासते का ते.

रॅक, स्टिअरिंग कॉलम, एअरबॅग असलेले चक्र आणि विद्युत साहाय्याचे पॉवर स्टिअरिंग ही कामे कुशल मिस्त्रीकडेच द्यावीत. घरचे काम चोख झाले, तरी अलाइनमेंट तपासून घेणे टाळू नये. खैरलांजीसारख्या ठिकाणाहून त्यासाठी जवळच्या मोठ्या गावी जावे लागेल. तोवर संथ गतीने, मोकळ्या रस्त्याने आणि एकट्यानेच जावे. नव्या टायरची कड काही आठवड्यांत खाऊन टाकण्यापेक्षा हा फेरा स्वस्त पडतो.

सुज्ञ वाचकांना एकच विनंती. घरी काम करण्यात पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठा लाभ असा की, आपल्या गाडीचा प्रत्येक सांधा आपल्या डोळ्यांखालून जातो. दर पावसाळा ओसरला की रबरी टोप्या पाहण्याची सवय लावून घ्यावी. फाटलेली टोपी वेळीच दिसली, तर पुढचा प्रवास घरातली सारी माणसे निर्धास्तपणे करतील.